पाकिटातून येणारे खेळाडू : जुन्या बेसबॉल कार्डांचा टपाली व्यापार

१९६७ साली ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीने बेसबॉलपटूंची ६०९ कार्डं काढली. ती एकदम बाजारात आली नाहीत, सात हप्त्यांत आली. हंगाम सुरू होताना पहिला हप्ता दुकानात यायचा, काही आठवड्यांनी दुसरा, आणि ५३४ क्रमांकापासूनचा शेवटचा हप्ता येईपर्यंत उन्हाळा सरत आलेला असायचा. तोवर शाळा उघडायची, मुलांचं लक्ष फुटबॉलकडे वळायचं आणि नाक्यावरचा दुकानदार बेसबॉलचा नवा माल मागवायलाच तयार नसायचा. कितीतरी गावांत तो शेवटचा हप्ता पोचलाच नाही. टॉम सीव्हर या पुढे फार मोठ्या झालेल्या पिचरचं पहिलं कार्ड त्याच हप्त्यात होतं, क्रमांक ५८१. म्हणजे वर्षभर खाऊचे पैसे साठवून पाचशेवर कार्डं जमवलेल्या मुलाच्या संचात शेवटी भलं मोठं भोक राहायचं, आणि ते गावात भरून निघायची काही सोय नव्हती.

मग उरायचं पोस्ट. क्रीडा मासिकाच्या मागच्या पानांवर छोट्या जाहिराती असत : जुनी कार्डं मिळतील, यादीसाठी लिहा. त्या जाहिरातींना पत्र लिहिणारी मुलं आज सत्तरीत आहेत. जुन्या कार्डांच्या आठवणी निघाल्या की ही माणसं दुकानापेक्षा, लिलावापेक्षा, त्या टपाली डीलरबद्दल जास्त मायेने बोलतात. ज्याला बहुतेकांनी कधी पाहिलंही नाही अशा माणसाबद्दल एवढी माया का, हे समजायचं तर तो व्यापार चालायचा कसा ते आधी बघावं लागतं.

आपल्याकडे बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रं मिळायची, ती ज्यांनी जमवली आहेत त्यांना मूळ गोष्ट सांगायला नको. पुठ्ठ्याचा तुकडा, पुढे खेळाडूचं चित्र, मागे त्याची आकडेवारी. फरक एवढाच की अमेरिकेत हा प्रकार एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे आणि प्रत्येक कार्डाला क्रमांक असतो. क्रमांक आला की संच आला आणि संच आला की अपुरेपणा आला. या छंदाचं सगळं इंजिन त्या अपुरेपणावर चालतं.

कंपन्यांना हे पक्कं ठाऊक होतं. १९३३ साली बॉस्टनच्या गौडी गम कंपनीने २४० क्रमांकांचा संच काढला, पण त्यातलं १०६ क्रमांकाचं कार्ड छापलंच नाही. मुलं गम घेत राहिली, १०६ काही निघेना. शेवटी लोकांनी कंपनीला पत्रं लिहिली. तेव्हा १९३४ साली कंपनीने नॅप लाजोए या जुन्या खेळाडूचं १०६ क्रमांकाचं कार्ड छापलं आणि पत्र लिहिणाऱ्यांना पोस्टाने पाठवलं. पाठवताना ते पत्राला पेपरक्लिपने अडकवलेलं असे. आज जी थोडी लाजोए कार्डं शिल्लक आहेत त्यांतल्या अनेकांवर त्या क्लिपचा दाब उमटलेला दिसतो, वरच्या कडेशी एक लांबट, गोल टोकाची खूण. कार्डाची हालत तपासणारे परीक्षक तो दोष धरतात. मला तो पोस्टाचा शिक्काच वाटतो : हे कार्ड नशिबाने पुडीतून निघालेलं नाही, कुणीतरी हट्टाने पत्र लिहून मागवलेलं आहे.

यादी आधी, दुकान नंतर

टपाली व्यापाराला सगळ्यात आधी काय लागतं? माल नव्हे. विकणारा आणि घेणारा एकाच वस्तूबद्दल बोलताहेत याची खात्री लागते. दुकानात बोट दाखवता येतं. पत्रात काय दाखवणार? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिगारेटच्या पाकिटांतून निघालेल्या कार्डांवर तर क्रमांकही नसत, आणि एकाच खेळाडूची दहा कंपन्यांची कार्डं असत.

ही अडचण सोडवली जेफरसन बर्डिक यांनी. न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूजचा हा एकटा राहणारा कामगार, संधिवाताने बोटं आखडलेली. त्यांनी १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या सगळ्या छापील कार्डांची सूची करायला घेतली आणि प्रत्येक संचाला एक अक्षर आणि एक आकडा दिला. विसाव्या शतकातल्या तंबाखूच्या कार्डांना टी, एकोणिसाव्या शतकातल्यांना एन, सुरुवातीच्या मिठाईच्या कार्डांना ई. आज कोट्यवधींना विकलं जाणारं होनस वॅग्नर या जुन्या खेळाडूचं कार्ड ज्या संचातलं, त्या १९०९ ते १९११ च्या संचाला जग 'टी २०६' म्हणतं ते बर्डिक यांच्या सूचीमुळे. हे नाव सिगारेट कंपनीने दिलेलं नाही. बर्डिक यांनी आपला संग्रह, तीन लाखांहून जास्त कागद, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला आणि तिथे बसून वर्षानुवर्षं स्वतःच्या आखडलेल्या हातांनी तो वह्यांत चिकटवला. जानेवारी १९६३ मध्ये काम संपलं, मार्चमध्ये ते गेले.

त्यांच्यामुळे विस्कॉन्सिनमधला माणूस कॅलिफोर्नियातल्या माणसाला एका ओळीचं पत्र लिहू शकला : टी २०६ मधली अमुक नावं हवीत. दोघांच्या डोळ्यांसमोर तीच कार्डं यायची. टपाली व्यापार उभा राहिला तो या एका ओळीवर.

माल कुठून यायचा

या व्यापारातलं एक मोठं नाव वुडी गेलमन. हे टॉप्समध्येच कामाला होते. १९५२ चा प्रसिद्ध संच टॉप्समधल्याच सी बर्गर यांच्या बरोबरीने त्यांनीच आखला. शिवाय न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर त्यांची स्वतःची टपाली पेढी होती, कार्ड कलेक्टर्स कंपनी. टॉप्सकडे न खपता उरलेला माल त्यांच्याकडे यायचा आणि यादीनुसार देशभर जायचा. कारखान्यातल्या माणसाला जुनी कार्डं ही रद्दी वाटत नव्हती हे आपलं भाग्य. कारण खुद्द टॉप्सने काय केलं ते बर्गर यांनीच पुढे सांगून ठेवलं आहे : १९५२ च्या शेवटच्या हप्त्याची न खपलेली खोकी वर्षानुवर्षं गोदामात जागा अडवत होती, म्हणून १९६० साली ती पडावावर चढवून अटलांटिक समुद्रात लोटून दिली.

दुसरं नाव लॅरी फ्रिच, विस्कॉन्सिनमधल्या स्टीव्हन्स पॉइंट गावचे. १९७० साली त्यांनी नोकरी सोडून कार्डांचा पूर्णवेळ धंदा सुरू केला. त्या काळात हे धाडसच होतं, कारण कार्डं विकून घर चालतं हे कुणालाच खरं वाटत नव्हतं. फ्रिच, ब्रुकलिनच्या रेनाटा गलासो आणि असे काही डीलर माल घेत तो ठोकात. टॉप्सची एक खास खोकी असत, यंत्रातून विकण्यासाठी बनवलेली. एका खोक्यात ५०० सुटी कार्डं, गम नाही, मेणकागद नाही. ती शेकड्यांनी घ्यायची, लांब टेबलांवर क्रमवार लावायची, त्यांतून पूर्ण संच बांधायचे आणि उरलेली क्रमांकानुसार खणांत ठेवायची. कंटाळवाणं, पाठ मोडणारं काम. पण ते कुणीतरी केलं म्हणून पंधरा वर्षांनंतरही अमुक सालचं ४१७ नंबरचं कार्ड मागितल्यावर मिळायचं.

इथे या धंद्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट येते. कार्डांत दोन जाती : स्टार आणि कॉमन. मिकी मँटलसारखा गाजलेला खेळाडू स्टार. दोन हंगाम राखीव कॅचर म्हणून बाकावर बसलेला माणूस कॉमन. आजच्या बाजारात स्टारला मोल आहे आणि कॉमनला कुणी विचारत नाही. पण संच पुरा करणाऱ्याला ४१७ नंबरचा राखीव कॅचर मँटलइतकाच लागतो. त्याच्याशिवाय भोक तसंच राहतं. टपाली डीलर त्या भोकांवर जगत होता, म्हणून विस्मरणात गेलेल्या शेकडो खेळाडूंची कार्डं नीट, कोरडी, क्रमाने ठेवणं त्याला भाग होतं. फ्रिच यांनी तर ज्यांची कारकीर्द जेमतेम होती अशा खेळाडूंची कार्डं स्वतः छापली आणि संचाला नाव दिलं 'वन इयर विनर्स'. एका धंदेवाल्याने बाकावरच्या माणसांना दाखवलेला हा मान मला फार मोलाचा वाटतो.

एक मागणी कशी जायची, कशी यायची

आधी यादी मागवायची. त्यासाठी स्वतःचा पत्ता लिहिलेलं आणि तिकीट लावलेलं रिकामं पाकीट पत्रात घालून पाठवायचं. मग सायक्लोस्टाइल केलेली किंवा बारीक टायपात छापलेली यादी यायची. सालवार, क्रमांकवार, प्रत्येक ओळीपुढे भाव. चित्र एकही नाही. त्या यादीचं वाचन हाच एक आनंद होता, कितीतरी संग्राहक हेच सांगतात. एकही कार्ड न घेता पूर्ण यादी पाठ व्हायची. आपण जन्मायच्या आधी कोणते संच निघाले, कुणाचं पहिलं कार्ड कोणत्या साली आलं, कोणता क्रमांक दुर्मीळ आणि म्हणून महाग, हे सगळं त्या भावांच्या रकान्यातून कळायचं. छापील किंमत-पुस्तकं यायच्या आधी या छंदाचा इतिहास असा दरपत्रकांतून शिकला गेला.

मग मागणीपत्र. ओळीच्या कागदावर साल, क्रमांक, भाव. खाली दुसरी पसंती, कारण मागितलेलं संपलेलं असू शकतं. पैसे पाठवायची मनिऑर्डर. आपल्याकडे मनिऑर्डर म्हटलं की दारात नोटा मोजणारा पोस्टमन डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेत तसं नाही, तिथे पोस्टातून चेकसारखी एक चिठ्ठी विकत घ्यायची आणि ती आपल्या पत्रातच घालायची. लहान मुलं तर नाणी पुठ्ठ्याला चिकटपट्टीने चिकटवून पाठवत. मग दोन-तीन आठवडे वाट बघायची. शाळेतून आल्यावर पहिली धाव टपालपेटीकडे.

पैसे आधी, माल नंतर, आणि समोरचा माणूस हजार मैलांवर. हा व्यवहार टिकायला दोन आधार होते. एक कायद्याचा : टपालातून फसवणूक हा अमेरिकेत १८७२ पासून केंद्रीय गुन्हा आहे आणि पोस्टाचे स्वतःचे तपास अधिकारी असतात. दुसरा, जास्त भक्कम, म्हणजे छंदाचं छोटेपण. १९७० च्या सुमाराला गंभीर संग्राहक एकमेकांना नावानिशी ओळखत, त्यांची हाताने छापलेली पत्रकं निघत. एखाद्याने पैसे बुडवले की पुढच्या अंकात बभ्रा व्हायचा. अर्थात बुडालेलेही होतेच, आणि दहा वर्षांच्या पोराला हे अंक कुठून मिळणार?

पाकीट आलं की आत बहुधा दोन पुठ्ठे, त्यांच्यामध्ये कार्डं, वरून चिकटपट्टी. ती पट्टी सोडवताना जीव मुठीत. चिकटपट्टी कार्डाला लागली तर वरचा थर सोलून निघतो आणि कार्ड मातीमोल. काही जण रबरबँड लावत, त्याने कडांना खाचा पडत. चांगला डीलर कोण, हे कार्डाच्या आधी पुठ्ठ्यावरून कळायचं. सोबत एक चिठ्ठी : तीन कार्डं शिल्लक नाहीत, तेवढ्या पैशांची जमा तुमच्या नावावर. त्या जमेपोटी पुढचं पत्र लिहावंच लागायचं. अशी नाती वीस-वीस वर्षं चालली.

'उत्तम' म्हणजे किती उत्तम?

न बघता घ्यायचं तर कार्डाची हालत शब्दांत सांगावी लागते. त्यासाठी एक उतरंड ठरत गेली : मिंट, निअर मिंट, एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर. नवख्याला वाटतं की 'व्हेरी गुड' म्हणजे छानच असणार. प्रत्यक्षात त्या पायरीवरच्या कार्डाचे कोपरे गोल झालेले असत, पृष्ठभागावर बारीक घडी असू शके. 'गुड' म्हणजे मुलांनी चांगलंच खेळून झालेलं. पहिल्या मागणीत जवळजवळ प्रत्येकाचा हिरमोड व्हायचा, आणि तोच पहिला धडा.

बघायचं काय? चारही कोपरे टोकदार आहेत का. चित्राभोवतीचा पांढरा समास डावीकडे आणि उजवीकडे सारखा आहे का, कारण कापताना पान सरकलं तर एक बाजू जाड आणि दुसरी बारीक येते. कार्ड तिरप्या उजेडात धरल्यावर घडी दिसते का. पुडीच्या मेणाचा डाग आहे का, मागे गमचा पिवळट ठसा आहे का. आणि क्रमांकांची यादी असलेलं कार्ड असेल तर त्यातल्या चौकटींत कुणी पेन्सिलने खुणा केल्यात का. हे कार्ड मुलांना खुणा करायलाच दिलेलं होतं. म्हणून कोरं सापडणं अवघड, आणि म्हणून ते महाग.

या पायऱ्या मोजमापाच्या नव्हत्या, माणसाच्या नजरेच्या होत्या. एका डीलरचं 'एक्सलंट' दुसऱ्याचं 'व्हेरी गुड' असायचं. जुना संग्राहक पायरी वाचत नसे, पायरी कुणी लिहिली आहे ते वाचत असे. कडक नजरेच्या डीलरकडून दोन पैसे जास्त देऊन घेतलं तरी परवडायचं. नाव झालं ते याच गोष्टीवर, आणि आठवणींतली मायाही इथूनच येते : हजार मैलांवरच्या अनोळखी माणसाने लिहिलेला एक शब्द पाकीट उघडल्यावर खरा निघायचा.

मग बदललं काय

१९७४ पासून टॉप्सने सगळी ६६० कार्डं एकदमच बाजारात आणली. हप्ते गेले, त्यांच्याबरोबर दुर्मीळ शेवटचे क्रमांकही गेले. १९७९ साली संख्याशास्त्राचे प्राध्यापक जेम्स बेकेट आणि त्यांचे सहलेखक डेनिस एकेस यांचं किंमत-पुस्तक आलं आणि डीलरच्या खणातलं ज्ञान सगळ्यांच्या हातात पडलं. १९८१ मध्ये फ्लीअर आणि डॉनरस या कंपन्या उतरल्या, टॉप्सची मक्तेदारी संपली, गल्लोगल्ली कार्डांची दुकानं निघाली. छपाई एवढी वाढली की त्या दशकाच्या अखेरची बहुतेक कार्डं आज कवडीमोलाने मिळतात.

१९९१ मध्ये पीएसए या संस्थेने कार्डं तपासून एक ते दहा आकडा द्यायला आणि कडक प्लॅस्टिकच्या डबीत बंद करायला सुरुवात केली. डीलरच्या शब्दाची जागा आकड्याने घेतली. याचा फायदा खरा आहे : फसवाफसवी कमी झाली, परक्याशी व्यवहार सोपा झाला. पण आकडाही माणूसच देतो. पीएसएने अगदी सुरुवातीला तपासलेलं, आठ आकडा मिळालेलं वॅग्नरचं कार्ड कडा कापून टोकदार केलेलं होतं, हे बिल मास्ट्रो या लिलावदाराने २०१३ साली न्यायालयात कबूल केलं.

आणि आकड्याबरोबर पैसा स्टारकडे धावला. १९५२ च्या त्याच शेवटच्या हप्त्यातलं मिकी मँटलचं एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकलं गेलं. गंमत बघा, ते त्या हप्त्यातलं सर्वांत दुर्मीळ कार्ड नाहीच. छपाईच्या पानावर मँटल दोनदा होता, त्याच्या शेजारचे कितीतरी कॉमन एकदाच. भाव कार्डाला आला नाही, नावाला आणि हालतीला आला. संच पुरा करणाऱ्याचं गणित यात बसतच नाही, आणि मला ते नुकसान वाटतं. डबीतली कार्डं फोडून वहीत लावणारे संग्राहक आजही आहेत, त्यांना वेडं म्हणतात. ते काय करताहेत हे मला समजतं : त्यांना पान भरलेलं बघायचं असतं.

जुने संग्राहक 'मँटल तेव्हा काही डॉलरला मिळायचा' असं सांगतात तेव्हा एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाच सेंटला पुडी मिळत होती त्या काळात एका जुन्या पुठ्ठ्याला डॉलर मोजणं घरच्यांना अक्कलशून्यपणाच वाटायचा. स्वस्ताई आपल्याला आज दिसते. त्या मुलाने कित्येक पुड्या सोडून एक कार्ड मागवलेलं असायचं, आणि बहुतेक वेळा ते कॉमनच असायचं.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींना एक सांगणं आहे. शेजारच्या म्हाताऱ्यांचं घर आवरताना किंवा गराज सेलमध्ये बुटांच्या खोक्यात अशी कार्डं मिळाली, तर नुसती कार्डं उचलू नका. खोक्याच्या तळाशी पिवळ्या पडलेल्या याद्या, हिशेबाच्या चिठ्ठ्या, डीलरच्या पत्त्याचं पाकीट असेल तर तेही घ्या आणि कार्डांबरोबरच ठेवा. १९६८ च्या पाकिटातून आलेलं कार्ड हे पुढे निघालेल्या नकली छपाईतलं नाही, याचा त्याहून चांगला पुरावा मिळणं कठीण. चिठ्ठीवर पायरी लिहिलेली असेल तर कार्ड तिरप्या उजेडात धरून ती ताडून बघा. त्या डीलरची नजर किती कडक होती ते लगेच कळेल, आणि त्याच खोक्यातल्या बाकीच्या कार्डांचाही अंदाज येईल.